आयो अजून का पेटलेला आहे, आणि पाण्याच्या उद्रेकाला ज्वालामुखी म्हणावं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. लहान वस्तू लवकर निवते. मग जेमतेम आपल्या चंद्राएवढा असलेला गुरूचा उपग्रह आयो अजून का पेटलेला आहे? आणि शनीचा उपग्रह एन्सेलाडस, त्यावरून पाणी नि बर्फ उडतो, त्याला ज्वालामुखी म्हणणं कितपत बरोबर? माझं काम दगडांचं. तीस वर्षं विद्यार्थ्यांना घेऊन सह्याद्रीतले लाव्हाचे थर बघत हिंडलोय, म्हणून सुरुवात माझ्या ओळखीच्या दगडापासून करतो.

घाटरस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे थांबून कातळ जवळून बघा. थराच्या माथ्याजवळ बेसॉल्टला भोकं पडलेली दिसतात, काही मुगाएवढी, काही वाटाण्याएवढी. लाव्हा थिजताना त्यातला वायू वर चढला, पण तो सुटायच्या आत वर साय धरली आणि बुडबुडे जागच्या जागी अडकले. पुढे कित्येक लाख वर्षं त्यांत पाणी मुरत राहिलं आणि पांढरी, हिरवट झिओलाइट खनिजं भरली. आता दुसरा दगड. १९७१ मध्ये अपोलो १५ चा डेव्हिड स्कॉट चंद्रावर गाडी चालवत परत निघाला होता. वाटेत त्याला एक काळा दगड दिसला. थांबायची परवानगी मिळणार नाही हे माहीत असल्यामुळे त्याने सीटबेल्ट नीट करतोय असं सांगून गाडी थांबवली, उतरला आणि दगड उचलला. पाऊण किलोहून जास्त वजनाचा तो बेसॉल्ट आपल्या घाटातल्यासारखाच जाळीदार आहे. त्याचं वय मात्र ३ अब्ज वर्षांहून जास्त, आणि भोकं सगळी रिकामी, कोरी. तिथे मुरायला पाणीच नव्हतं.

म्हणजे आपल्या चंद्रावरही लाव्हा वाहिला. आजी ज्याला चंद्रावरचा ससा म्हणायची तो काळा भाग सगळा बेसॉल्ट आहे. भोवतालचा पांढरा भाग त्याहून जुना. चंद्र नवा असताना वितळलेल्या खडकाचा समुद्र होता, त्यावर तरंगून आलेल्या हलक्या खनिजांची ती साय. चांद्रयान-३ च्या प्रज्ञान गाडीने २०२३ मध्ये दक्षिणेकडच्या मातीची जी तपासणी केली, तिचे आकडे याच चित्राशी जुळले. ती साय हलकी आणि बेसॉल्टचा रस तिच्यापेक्षा जड, त्यामुळे रसाला वर यायला कवच पातळ असलेली जागाच लागे. आपल्याकडे तोंड असलेल्या बाजूला कवच पातळ आहे, म्हणून तिथे जवळपास तिसरा हिस्सा काळा. पलीकडच्या बाजूला असे डाग अगदी तुरळक. १९५९ मध्ये लूना ३ ने मागच्या बाजूचे पहिले फोटो पाठवले तेव्हा याचंच सगळ्यांना नवल वाटलं होतं.

चंद्राचा हा कारखाना कधी बंद पडला? चिनी यान चांग-ई ५ ने डिसेंबर २०२० मध्ये पावणेदोन किलोच्या आसपास माती आणली, त्यातला बेसॉल्ट सुमारे २ अब्ज वर्षांपूर्वीचा निघाला. काही छोटे, विचित्र दिसणारे ठिपके १० कोटी वर्षांहूनही तरुण असावेत असं २०१४ मध्ये मांडलं गेलं. मला ते पटलेलं नाही. तिथला दगड हातात आल्याशिवाय नुसते खड्डे मोजून काढलेल्या वयावर मी भरवसा ठेवत नाही. एकूण हिशोब तुम्ही म्हणता तसाच आहे: वाटीतलं वरण पातेल्यातल्या वरणाआधी निवतं. युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांच्या किरणोत्सारातून मिळणारी ऊब लहान गोळ्याला फार काळ पुरत नाही.

आता आयो. त्याचा व्यास ३,६४३ किलोमीटर, आपल्या चंद्राचा ३,४७४. घनताही जवळपास तेवढीच. दोघंही खडकाचे. ग्रहापासूनचं अंतर बघाल तर तेही फार वेगळं नाही: चंद्र आपल्यापासून ३,८४,००० किलोमीटर, आयो गुरूपासून ४,२२,०००. म्हणायला जुळी भावंडं. फरक एवढाच की आयोला सांभाळणाऱ्याचं वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट आहे. चंद्र महिनाभरात एक फेरी करतो, तर आयो साडेबेचाळीस तासांत.

नुसतं जवळ असून भागत नाही, हे मात्र नीट लक्षात घ्या. आयोची कक्षा काटेकोर वर्तुळ असती, तर गुरूच्या ओढीने त्याला एक कायमचा फुगवटा आला असता आणि तो तसाच राहिला असता. ताणून बांधलेली दोरी तापत नाही. तार मात्र एकाच जागी मागेपुढे वाकवून तोडायला गेलं की बोटाला चटका बसतो, हे प्रत्येकाने कधीतरी अनुभवलेलं असतं. आयोचं तेच होतं. त्याची कक्षा किंचित लांबट आहे, त्यामुळे दर फेरीत तो गुरूच्या थोडा जवळ जातो, थोडा लांब येतो आणि त्याचा फुगवटा वाढतो, ओसरतो. समुद्राची भरती मीटरांत मोजतो ना आपण, तिथे घट्ट खडकाची जमीन १०० मीटरच्या आसपास वरखाली होते, आणि तेही दोन दिवसांच्या आत.

कक्षा लांबट राहते कशी, हा यातला सगळ्यात सुंदर भाग. एकटा आयो असता तर हे कणकेसारखं मळलं जाणंच त्याची कक्षा हळूहळू गोल करून टाकतं आणि आग विझते. पण बाहेर युरोपा आणि गॅनिमिड हे गुरूचेच उपग्रह आहेत. आयोच्या चार फेऱ्या होतात तेव्हा युरोपाच्या बरोबर दोन आणि गॅनिमिडची एक. त्यामुळे युरोपाचा हिसका दर वेळी कक्षेच्या त्याच जागी बसतो. झोपाळ्याला ठरावीक क्षणी हात लावत गेलं की झोका मरत नाही, तसं. गुरूचं स्वतःभोवती फिरणं याच भरतीमुळे अगदी किंचित मंदावत जातं, आणि आयोच्या आगीला लागणारी ऊर्जा शेवटी त्यातून येते. आयोला इंधन बाहेरून मिळतं. किरणोत्साराची शिदोरी संपली काय, राहिली काय, त्याचं अडत नाही.

हे आधी कागदावर मांडलं गेलं. स्टँटन पील, पॅट्रिक कॅसन आणि रे रेनॉल्ड्स यांचा लेख २ मार्च १९७९ ला प्रसिद्ध झाला: आयोचा आतला भाग वितळलेला असावा, पृष्ठभागावर ज्वालामुखी सापडू शकतात. ५ मार्चला व्हॉयेजर १ गुरूजवळून गेलं. फोटोत उल्कापातांचे खड्डे दिसेनात, याचाच अर्थ जमीन कोवळी होती. पण पेटता ज्वालामुखी ज्याने सिद्ध झाला, तो फोटो त्यासाठी काढलाच नव्हता. लिंडा मोराबिटो ही यानाचा मार्ग आखणाऱ्या गटातली इंजिनियर. यान नेमकं कुठे आहे हे ठरवायला तिला आयोच्या पार्श्वभूमीवरचे अंधुक तारे हवे होते, म्हणून कॅमेऱ्याची झडप जास्त वेळ उघडी ठेवून काढलेला ८ मार्चचा एक फोटो ती ९ तारखेला पडद्यावर उजळवत होती. आयोच्या कडेबाहेर तिला छत्रीसारखी फिकी कोर दिसली. आधी वाटलं मागे दुसरा उपग्रह असेल. तपासलं, नव्हता. कॅमेऱ्याचा दोष? तोही नव्हता. कोर पृष्ठभागापासून पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास उंच होती. पृथ्वीबाहेर चालू असलेला उद्रेक माणसाने पहिल्यांदा पाहिला तो असा, आणि भाकीत छापून आल्याला तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. हा प्रसंग मी वर्गात दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी मला तितकाच आनंद होतो.

एवढी उंची कशी? गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे सहाव्या भागाइतकं आणि हवा जवळजवळ नाहीच. गंधक आणि सल्फर डायऑक्साइडचा वायू सेकंदाला किलोमीटरभर वेगाने सुटतो, त्याला अडवणारं काही नसतं. तो कमानीने जातो आणि चहूबाजूंनी सारखा खाली पडतो. म्हणून छत्री. पेले नावाच्या त्या ज्वालामुखीभोवती हजार किलोमीटरहून रुंद लाल कडं पडलेलं आहे, तो गंधक.

गंधकाच्या या पिवळ्या-लाल रंगांमुळे सुरुवातीला बऱ्याच जणांना वाटलं की लाव्हाही गंधकाचाच असेल. गंधक ११५ अंशांच्या आसपास वितळतो आणि साडेचारशेच्या थोडं आत उकळतो. १९८० च्या दशकात पृथ्वीवरच्या दुर्बिणींनी अवरक्त किरणांत मोजलं, तेव्हा काही उद्रेकांचं तापमान त्याच्या पुष्कळ वर गेलं. पुढे गॅलिलिओ यानाने १,३०० अंशांच्या आसपासचे आकडे दिले. हे खडकाचं तापमान. गंधक वरचा मुलामा, खाली आपल्या ओळखीचा काळा कातळच.

मला आयोवर सगळ्यात जवळचा वाटतो तो प्रोमेथियस. १९७९ मध्ये त्याचा फवारा एका जागी होता. १९९६ मध्ये गॅलिलिओने पाहिलं तर तो ८० किलोमीटरच्या आसपास पश्चिमेला सरकलेला! ज्वालामुखीचं तोंड असं चालत नाही. सरकला होता तो लाव्हाचा पुढचा काठ. तोंड मूळ जागीच होतं. त्यातला लाव्हा कवचाखालून, बोगद्यांतून पुढे जात राहिला आणि काठाशी सल्फर डायऑक्साइडच्या गोठलेल्या थरावर चढला. त्या थराची वाफ होऊन फवारा तिथून उडत होता. तापलेल्या तव्यावर पाण्याचा शिपका मारला की जे होतं तेच, फक्त इथे तवा पाण्यावर सरकत गेला. वरची साय तशीच ठेवून आतून पुढे सरकत जाणारा हा लाव्हा हवाईतल्या किलाउएयावर माणसाने डोळ्यांनी पाहिला आहे, आणि दख्खनच्या पठारात कित्येक थर असेच फुगत, एकावर एक पसरत तयार झाले. आयोचे फोटो बघताना मला घाटातल्या दरडी आठवतात त्या यामुळे.

लोकी हा आयोवरचा सगळ्यात जास्त उष्णता सोडणारा ज्वालामुखी. सुमारे २०० किलोमीटर रुंद खोलगट जागा, आत लाव्हाचं तळं. त्याच्या गडद तळाचं क्षेत्रफळ पुणे जिल्ह्यापेक्षा जास्त भरतं. ८ मार्च २०१५ ला युरोपा आयोच्या समोरून गेला. ॲरिझोनातल्या जोडदुर्बिणीने त्या काही मिनिटांत, युरोपाच्या कडेने लोकी जसजसा झाकला आणि उघडला गेला तसतशी त्याची उष्णता मोजली. त्यावरून तळ्याचा नकाशा निघाला: वरची थिजलेली साय जड होऊन बुडते, खालचा ताजा लाव्हा वर येतो, आणि अशा दोन लाटा तळ्याच्या दोन बाजूंनी फिरत गेल्या होत्या.

आयोवर आजवर चारशेहून जास्त जिवंत ज्वालामुखी मोजलेत. दर चौरस मीटरमागे आतून बाहेर येणारी उष्णता पृथ्वीच्या पंचवीस पटींहून जास्त आहे. सतत नवा थर पडत असल्यामुळे उल्कापाताचा एकही खड्डा टिकलेला सापडत नाही. आणि तिथले डोंगर! सगळ्यात उंच डोंगर १७ किलोमीटरच्या घरात आहे, पण तो ज्वालामुखी नाही. वर थर चढत गेले की खालचं कवच दबून खाली जातं, गोलाच्या आत त्याला जागा अपुरी पडते, ते चिरडतं आणि त्याचे तुकडे तिरपे वर उचलले जातात. नावांबद्दलही सांगायला हवं. इथल्या ज्वालामुखींना जगभरच्या अग्नी, सूर्य, वीज आणि लोहारकामाच्या देवतांची नावं देतात. उत्तरेकडे त्वष्टा आहे, वेदातला, इंद्राचं वज्र घडवणारा. नोव्हेंबर १९९९ मध्ये गॅलिलिओने तिथे किलोमीटरहून उंच उसळणारी लाव्हाची भिंत टिपली, आणि फेब्रुवारी २००७ मध्ये प्लूटोकडे निघालेल्या न्यू होरायझन्सने त्याच त्वष्ट्याचा ३३० किलोमीटर उंच फवारा पाहिला. नाव देणाऱ्यांनी योग्य जागा निवडली.

आयोच्या पोटात लाव्हाचा सलग समुद्र आहे का, यावर बरीच वर्षं वाद होता. गॅलिलिओच्या चुंबकीय मोजमापांवरून २०११ मध्ये 'आहे' असं मांडलं गेलं. डिसेंबर २०२३ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये जुनो यान आयोपासून १,५०० किलोमीटरवरून दोनदा गेलं. यानाच्या वेगात पडलेला सूक्ष्म फरक मोजून आयो किती वाकतो ते काढलं. कवचाखाली फार खोल नसलेला, सलग वितळलेला थर असता तर वरचा भाग कितीतरी जास्त वाकला असता. तेवढा तो वाकत नाही. तेव्हा आतलं प्रावरण, म्हणजे कवचाखालचा खडकाचा जाड थर, बहुतांशी घट्ट असावं आणि रस भिजलेल्या स्पंजातल्या पाण्यासारखा त्यात मुरलेला. मला हे आधीपासून जास्त पटत होतं, कारण दख्खनचा लाव्हाही समुद्रातून उपसलेला नव्हता. बहुतांशी घट्ट असलेल्या प्रावरणाचा थोडा अंश वितळूनच तो आला.

आता तुमचा दुसरा प्रश्न, पाण्याचा. एन्सेलाडसचा व्यास अवघा ५०० किलोमीटर, पृष्ठभाग उणे २०० अंशांच्या आसपास. तुमच्या हिशोबाने तो पार मेलेला हवा. २००५ मध्ये कॅसिनी यानाच्या चुंबकमापकाला त्याच्याभोवती काहीतरी वेगळं जाणवलं, मग यान आणखी जवळून नेलं, आणि नोव्हेंबरमध्ये सूर्य मागे ठेवून काढलेल्या फोटोंत दक्षिण ध्रुवावरून उडणारे फवारे स्वच्छ दिसले. ते निघतात चार लांब भेगांतून. प्रत्येक भेग सुमारे १३० किलोमीटर. नावं अलेक्झांड्रिया, कैरो, बगदाद आणि दमास्कस. शंभराच्या आसपास फवारे, दर सेकंदाला २००-३०० किलो वाफ. शनीचं एक फिकट, रुंद कडं याच बर्फाने भरलेलं आहे.

उष्णता पुन्हा तीच, मळण्याची. इथे ताल धरणारा जोडीदार शनीचाच दुसरा उपग्रह डायोनी: एन्सेलाडसच्या दोन फेऱ्यांना डायोनीची एक. पण दगडवाल्या माणसाला इथे एक अडचण लगेच दिसते. खडकाचा रस सहसा भोवतालच्या घट्ट खडकापेक्षा हलका असतो, म्हणून वर चढतो. पाणी बर्फापेक्षा जड. ते वर का यावं? चिरा पडल्या की पाणी त्यांत वर चढतं, पण तरंगत्या बर्फात जितकं चढायला हवं तितकंच; माथ्याच्या अलीकडे थांबतं. तिथे वर पोकळी असते, दाब नसतो, त्यामुळे पाणी एकाच वेळी उकळतं आणि गोठतं, आणि वाफ बर्फाचे कण घेऊन सुटते. एन्सेलाडस शनीपासून सगळ्यात दूर जातो तेव्हा फवारे सर्वांत जोमात असतात, कारण तेव्हा भेगा ताणून उघडतात. भरतीच हा व्यवहार चालवते याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

त्या कणांत मीठ सापडलं, म्हणजे पाणी खडकाला लागून आहे. सिलिकाचे अतिसूक्ष्म कण सापडले, ते ९० अंशांहून गरम पाण्यात तयार होतात. वायूत हायड्रोजन सापडला आणि २०२३ मध्ये फॉस्फेटही. शेजारचा मिमास शनीच्या आणखी जवळ, कक्षाही जास्त लांबट, तरी वर खड्ड्यांनी भरलेला आणि गप्प. तिथेही बर्फाखाली अगदी अलीकडे तयार झालेला समुद्र असावा असं २०२४ मध्ये कक्षेच्या मोजणीवरून दाखवलं गेलं. असा गोळा नुकता तापायला लागलेला असेल तर वरून काही कळत नाही, हे मिमासने शिकवलं.

मग एन्सेलाडसला ज्वालामुखी म्हणावं का? मी म्हणतो. आतल्या उष्णतेने काहीतरी वितळलं, ते वाट काढून पृष्ठभागावर आलं आणि तिथे नवा थर पडला, एवढं झालं की माझ्यासाठी तो ज्वालामुखी. मराठीत 'ज्वाला' शब्द आडवा येतो हे खरं, पण उणे २०० अंशांच्या जगात पाणी हाच तिथला लाव्हा आणि बर्फ हाच तिथला कातळ. याच कसोटीवर नेपच्यूनच्या ट्रायटनबद्दल मात्र मी हात आखडता घेतो. ऑगस्ट १९८९ मध्ये व्हॉयेजर २ ने तिथे ८ किलोमीटर उंच जाऊन वाऱ्याबरोबर आडवे वाहणारे काळे फवारे पाहिले. पारदर्शक नायट्रोजन-बर्फातून ऊन आत शिरतं, खालचा थर तापतो आणि वायू बर्फ फोडून सुटतो, असं एक स्पष्टीकरण आहे. ते खरं असेल तर उष्णता उन्हाची आहे, आतली नाही. तेव्हा त्याला मी ज्वालामुखी म्हणणार नाही. शनीच्या टायटनवर एकदोन डोंगर ज्वालामुखीसारखे दिसतात, पण रडारच्या चित्रावरून मी तरी शिक्का मारणार नाही.

युरोपाचं उत्तर वाटेत आहे. आयोसारखाच तोही मळला जातो, थोडा कमी. वर बर्फ, खाली खारा समुद्र, त्याखाली खडक. त्या तळाशी ज्वालामुखी असतील का, हा मला आज सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो, कारण पृथ्वीच्या समुद्रतळावर अशाच गरम झऱ्यांभोवती उन्हाशिवाय जगणारी जीवसृष्टी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेलं युरोपा क्लिपर २०३० मध्ये गुरूपाशी पोहोचेल.

तुमच्याकडे साधी दुर्बीण असेल तर गुरूजवळचे चार ठिपके दिसतील. दोन-तीन रात्री ओळीने चित्र काढून ठेवा. गुरूपासून कधीच फार दूर न जाणारा, रातोरात बाजू बदलणारा तो आयो. उद्रेक त्यात दिसणार नाही. पण ॲरिझोनात फक्त ३५ सेंटिमीटरची एक दुर्बीण वर्षानुवर्षं आयोतून सुटणाऱ्या सोडियमचा पिवळा उजेड मोजते आहे, आपल्याकडच्या रस्त्यांवर पूर्वी पिवळे दिवे असायचे तोच रंग. २०२२ च्या उत्तरार्धात तो उजेड एकदम वाढला आणि डिसेंबरपर्यंत वाढलेलाच होता. आयोवर तेव्हा मोठा उद्रेक चालू होता.